चारी पाय जमिनीवर

जालन्याहून आष्टीला रोज अपडाऊन करणाऱ्या बाईला संध्याकाळी घरी आल्यावर दोनच गोष्टी पाहिजे असतात. एक चहा, आणि दुसरं म्हणजे कोणी आपल्याशी बोलू नये. त्या पाच-सहा महिन्यांत मला दोन्हींतलं एकही धड मिळालं नाही. जालन्यातल्या मस्तगडात ज्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहायचे, त्या घराचे मालक, म्हणजे सर, रोज फाटकाच्या आत उभे असायचे. मी परतूरपासून उभ्यानं आलेली, खांद्याला पर्स, हातात वह्यांची पिशवी, आणि ते म्हणायचे, "मॅडम, आत येऊ नका. आधी पाठ फिरवा."

म्हणजे कुत्र्याकडं पाठ फिरवायची. मग मी रस्त्याकडं तोंड करून उभी राहायचे. समोरचा किराणावाला माझ्याकडं बघायचा, मी त्याच्याकडं. मागं बंड्या फाटकावर उड्या घ्यायचा, त्याची नखं पत्र्यावर वाजायची, आणि सर एक शब्द बोलायचे नाहीत. कुत्र्याचे चारी पाय जमिनीला टेकले की म्हणायचे, "आता वळा." मी वळले की तो परत उडायचा. "फिरवा पाठ." असं आठ-दहा वेळा झालं की मग मला माझ्या घरात जायला मिळायचं.

सर म्हणजे रिटायर्ड मुख्याध्यापक. आयुष्य खेड्यापाड्यांतल्या शाळांत गेलेलं. त्यांच्या छडीची कीर्ती इतकी की बाजारात पन्नाशीचे लोकसुद्धा त्यांना बघून हातातली तंबाखू खिशात घालत. पांढरा शर्ट, तोही कडक इस्त्रीचा, घरातसुद्धा. दूधवाल्यासाठी मी दाराला लावलेल्या चिठ्ठीतली वेलांटी त्यांनी लाल पेनानं दुरुस्त केली होती. मी स्वतः मास्तरीण, बारा वर्षं नोकरी झालेली. मला असा राग आला की दोन दिवस मी खाली बघितलंच नाही. त्यांना ते कळलंही नाही.

चांगलं म्हणणं हा प्रकार त्यांच्यापाशी नव्हता. एकदा मी पुरणाच्या पोळ्या करून खाली दिल्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तर म्हणाले, "पोळ्या आल्त्या." एवढंच. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मी हे सांगितलं तर त्या हसून म्हणाल्या, "मंग आवडल्या त्यायला. खराब असत्या तर बोलले असते. माहा सगळा जलम असाच गेला, बाई. काही बोलले न्हाई की समजून घ्यायचं, बरं झालंय."

काकू उलट्या. बोलक्या, हसऱ्या, दारात कोणी आलं की हाताला धरून आत ओढणाऱ्या. बंड्या त्यांचाच. बुद्धविहाराच्या मागं नालीत सापडलेलं पिल्लू त्यांनी पदरात गुंडाळून आणलं होतं. सर त्याला कधी हात लावायचे नाहीत, नावही घ्यायचे नाहीत. "ते कुत्रं" म्हणायचे. बंड्याही त्यांना ओळखून होता. सर बाहेरून आले की एक कान हलवायचा आणि परत झोपायचा. काकू मात्र दोन मिनिटं भाजी आणायला जाऊन आल्या तरी त्यांच्या छातीपर्यंत उड्या घ्यायचा. काकू "अरे हो, अरे हो" करत तोंड चाटून घ्यायच्या. त्या घरात काकूंच्या येण्यानं आनंद झाल्याचं दाखवणारं तेवढंच कोणी होतं, हे मला तेव्हा दिसत होतं. पण भाडेकरूनं असल्या गोष्टी बोलायच्या नसतात.

तशाच एका संध्याकाळी काकू विहारातून आल्या, बंड्यानं झेप घेतली आणि त्या फाटकातल्या फरशीवर आडव्या झाल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. महिन्याभरानं त्याचा फोन आला तेव्हा मी खालच्या नळावर पाणी भरत होते. सरांचा फोन नेहमी स्पीकरवर. मुलगा म्हणाला, "पप्पा, आईला आणून सोडतो, पण आधी ते कुत्रं काढा. तुमच्या जुन्या शाळेच्या गावी, धावड्याकडं, कोणाच्या शेतात द्या. परत पडली तर डॉक्टर म्हणतेत पुन्हा उभी राहणार न्हाई."

फोनमध्येच मागून काकूंचा आवाज आला. "बंड्या नसंल तर मी येत न्हाई. येऊन काय करू? भिंतीकडं बघत बसू?"

फोन बंद झाला. मग सर माझ्याकडं न बघता म्हणाले, "भिंतीकडं म्हणली." मी बादली उचलली आणि वर गेले. दुसरं काय करणार होते.

तर असं होतं ते सगळं. कुत्रं ठेवायचं होतं, आणि त्यानं येणाऱ्याच्या अंगावर उडी घ्यायची नाही हेही त्याला शिकवायचं होतं. तसं झालं तरच काकू घरी येणार होत्या. नाही झालं तर त्यांचं उरलेलं आयुष्य पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, आणि सरांचं इथं, एकट्याचं.

दुसऱ्या दिवशी ते काठी घेतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी मोबाईल घेतला. कुत्र्याला शिकवण्याचे व्हिडिओ असतात हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. इंग्रजी व्याकरण त्यांना माझ्यापेक्षा दसपट यायचं, पण त्या व्हिडिओतल्या गोऱ्या बाईचं बोलणं कानात शिरत नव्हतं. मी शाळेतून आले की मला थांबवून विचारायचे, "हे काय म्हणून राह्यली बघा बरं." मग त्यांनी ओट्यावरच्या जुन्या फळ्यावर सुरेख अक्षरात लिहिलं: रागवायचं नाही. ओरडायचं नाही. मारायचं नाही. ढकलायचं नाही, कारण ढकललं तरी त्याला तो खेळ वाटतो. चुकला तर तिकडं लक्षच द्यायचं नाही. बरोबर वागला तर त्याच क्षणाला बक्षीस द्यायचं.

लिहून झाल्यावर ते मागं सरकून फळा वाचत राहिले. "असं कुठं अस्तं का मॅडम?" ते म्हणाले. "चुकल्यावर काहीच करायचं न्हाई, मंग शिस्त लागणार कशी?"

"मला काय माहीत, सर," मी म्हणाले. "मला भूक लागलीय."

बक्षिसाचीही एक गोष्ट झाली. भाकरीच्या तुकड्याला बंड्या हुंगायचासुद्धा नाही. फुटाणे खाऊन बघितले, सोडून दिले. शेवटी मीच बोलून गेले की त्याला सुकट आवडते, काकू भाजायच्या तेव्हा चुलीपाशी बसून असायचा. माझं तोंडच वाईट. दुसऱ्या दिवसापासून सरांच्या त्या कडक इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात भाजलेली सुकट. सगळ्या ओट्याला वास. बँकेत गेले तर लोक रांगेत दोन पावलं मागं सरकत. जन्मभर स्वच्छतेच्या तपासणीत पोरांची नखं बघितलेला हा माणूस सुकटीचा वास घेऊन बाजारातून ताठ मानेनं चालत यायचा, आणि मी मात्र ओशाळून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं जायचे.

बक्षीस खाली, जमिनीजवळच द्यायचं, म्हणजे कुत्रं वर उडत नाही. ते गुडघे दुखत असताना दर वेळी वाकायचे. आणि वाकून म्हणायचे, "शाबास." पहिल्यांदा तो शब्द त्यांच्या तोंडून निघाला तेव्हा मी जिन्यात थांबलेच. इतका कोरडा, की शिक्षा सुनावल्यासारखा. पण म्हणता म्हणता शब्द मऊ झाला. पंधरा-वीस दिवसांनी मी वरून ऐकायचे तर खाली चाललेलंच असायचं, शाबास, शाबास रे, शाबास बाळा. बाळा. मी गॅस बारीक करून ऐकायचे.

सरावाला माणसं लागतात. घरी कोणी येईल तो सापडला. दूधवाला, सिलेंडरवाला, पाण्याचे जार टाकणारा, सगळ्यांना पाठ फिरवून उभं केलं. सिलेंडरवाला खांद्यावर सिलेंडर घेऊन उभा आणि सर त्याला सांगतायत, "डोळ्यांत बघू नका त्याच्या." तो म्हणाला, "सर, जल्दी करा, माह्या डोळ्यांपुढं अंधारी येऊन राह्यली." रोज एका वहीत हजेरी मांडलेली असायची, कोण आलं, किती वेळानं कुत्रं शांत झालं. माझ्या नावापुढं एकदा शेरा होता: पाठ नीट फिरवीत नाहीत.

आणि या सगळ्यात त्यांच्या हातून एक चूक झाली. त्या घरात ती चूक साधी नव्हती.

सरांचे वडील गावात मजुरीला जायचे. लोक त्यांना दारात, उन्हात उभं करून बोलायचे, पाणी वरून ओंजळीत ओतायचे. हे मला काकूंनी सांगितलेलं, सरांनी कधीच नाही. सरांचं फक्त एकच ठरलेलं होतं. आपलं घर झालं तेव्हापासून त्यांच्या दारात कोणी उभं राहायचं नाही. भिकारी असो, मीटर बघायला आलेला माणूस असो, आधी आत, आधी खुर्ची, आधी पाणी, मग काय काम ते. तेवढी एक गोष्ट ते न चुकता करायचे.

तर काकूंचे थोरले भाऊ आले. पंचाहत्तरीचे, हातात काठी. बहिणीची चौकशी करायला एवढ्या लांबून आल्ते. फाटकातून म्हणाले, "जय भीम, दाजी." बंड्या नुकताच शांत होत होता. सरांनी उत्तर दिलं नाही. बोललं की कुत्रं उचंबळतं, असा नियम. त्यांनी नुसतं बोट वर केलं, थांबा. मग बोटानंच खूण केली, पाठ फिरवा. म्हाताऱ्यानं पाठ फिरवली, आणि तो तसाच चालत स्टँडकडं निघून गेला. सर मागं धावले. तोवर म्हातारा रिक्षात बसून गेला होता.

संध्याकाळी काकूंचा फोन. "माह्या भावाला दारात उभं केलं तुम्ही? जय भीमला जबाब न्हाई? तुम्ही?" पुढं त्या काही बोललेल्या मला ऐकू आल्या नाहीत, कारण सरांनी आयुष्यात पहिल्यांदा स्पीकर बंद केला होता.

मला वाटलं, संपलं हे आता. मला बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवशी आले तर फाटकाच्या बाहेर, रस्त्याला लागून, दोन खुर्च्या आणि पाण्याचा तांब्या. सर स्वतः बाहेर उभे. येईल त्याला आधी बाहेर खुर्ची, हातात पेला, "बसा, मीबी बसतो," आणि दोघं मिळून कुत्र्याकडं पाठ करून बसायचे. आतलं कुत्रं शांत झालं की दोघंही आत. घरमालकच दारात बसलेला म्हटल्यावर कोण काय बोलणार? मीही बसले. वह्यांची पिशवी मांडीवर घेऊन मी बाहेर पाणी प्यायचे. चहा नाही तर नाही, निदान बसायला मिळायचं. मेव्हण्याकडं ते स्वतः जाऊन आले. तिथं काय झालं ते सांगितलं नाही, पण आले ते जेवून आले होते.

धावड्याचा एक विद्यार्थी मोसंबीची पिशवी घेऊन आला तो या खुर्च्यांच्या काळातच. केस पांढरे झालेला, पोराच्या लग्नाची पत्रिका द्यायला आल्ता. सरांनी त्याला रीतसर बाहेर बसवलं. मग दोघं आत आले, बंड्या बसून राहिला, सर वाकले आणि म्हणाले, "शाबास बाळा." तो माणूस बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "गुर्जी, आमाला तर कधी म्हणले न्हाई."

सर वाकलेलेच. "तवा मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मला वाटायचं, मारल्यानंच येतं." मग त्यांनी त्याची पत्रिका दोनदा वाचली. एकही चूक काढली नाही. तो गेल्यावर मोसंबी सोलता सोलता मला म्हणाले, "पहिला यायचा हा वर्गात." मी उद्या शाळेत जाऊन निदान चार पोरांना शाबास म्हणायचं ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी चुकली, उशीर झाला, आणि मीच सगळ्यांवर ओरडले.

काकूंचा व्हिडिओ कॉल आला की मात्र सर बंड्याला मागच्या मोरीत कोंडायचे. फोनमधून काकूंचा आवाज आला की तो वेडा व्हायचा, फोनवरच उड्या, आठवड्याची मेहनत पाण्यात. हे ते काकूंना सांगायचे नाहीत. "बाहेर गेलंय ते" एवढंच. एक दिवस काकूंनी मला फोन केला. आवाज बारीक. "बाई, खरं सांगा. देऊन टाकला ना त्यायनं त्याला?" मी शपथेवर सांगितलं की आहे, छान आहे, सर त्याला शिकवतात. "हे शिकवतेत?" काकू म्हणाल्या. "मारत असतील." मी नाही म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नाही, आणि त्यांचं तरी काय चुकलं.

शेवटची तयारी वॉकरची. सरांनी एक जुना वॉकर कुठून तरी आणला. मग कपाटातून काकूंची एक साडी काढली, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली. पडल्या त्या दिवशी नेसलेली. ती त्यांनी धुतली नव्हती. "वास राह्यला पाहिजे," माझ्याकडं न बघता ते म्हणाले. "हे सुचलं म्हणून ठेवली असं न्हाई. तशीच ठेवली होती." मी काही विचारलं नव्हतं.

मी ती साडी ड्रेसवरून गुंडाळली, वॉकर धरला आणि काकूंसारखी फाटकातून आत चालायला लागले. पहिल्या दिवशी बंड्या साडी हुंगून असा रडला की मलाच तिथं उभं राहवेना. सर पाठ फिरवून उभे राहिले, नियमाप्रमाणं. पण त्यांनी पाठ नेमकी कशाला फिरवली ते मला कळलं. रोज शाळा करून, दोन गाड्या बदलून यायचं आणि दुसऱ्याच्या बायकोची साडी गुंडाळून लंगडत चालायचं. माझ्या बहिणीनं फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "तुला येड लागलंय, खोली बदल." मी बदलली नाही. का, ते मलाही सांगता येत नाही.

पाचव्या महिन्यात मी त्याचा व्हिडिओ काढून मुलाला पाठवला. त्यानं तीनदा बघितला आणि तारीख कळवली.

रविवार होता. गाडी फाटकाशी थांबली. मुलानं वॉकर उघडून दिला आणि काकू उतरल्या, निम्म्या झालेल्या. सर ओट्यावर, बंड्याजवळ. नवीन इस्त्री, खिशात सुकट. काकूंनी फाटकातूनच हाक मारली, "बंड्या."

त्याचं सगळं अंग थरथरलं. शेपटी फरशीवर आपटायला लागली. पण तो उठला नाही. बसून राहिला. सर वाकले, तुकडा दिला, हळू आवाजात शाबास म्हणाले. मुलगा खूश. "काय शिकवलंय, पप्पा," तो म्हणाला. माझे डोळे भरून आले. ती सगळी पावलं मी चाललेली होते.

काकू अंगणाच्या मध्यावर थांबल्या. वाट बघत राहिल्या. बंड्या आता सरांच्या हाताकडं बघत होता.

"ओळखलं न्हाई का रे मला?" त्या म्हणाल्या.

"आई, त्याला शिकवलंय तसं," मुलगा म्हणाला. "तू पडू नये म्हणून."

काकूंनी मान वर करून सरांकडं बघितलं. ते ओट्यावर हात सरळ ठेवून उभे होते, काकू कुठूनही परत आल्या की जिथं उभे असायचे तिथंच.

"बराबर," काकू म्हणाल्या. "तुमच्यासारखाच करून ठेवला की त्याला."

त्यात राग असता तर बरं झालं असतं. नुसता थकवा होता. त्या पुढं आल्या, खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की या माणसानं काय काय केलंय.

सर बंड्याला म्हणाले, "जा." तो हलला नाही. "जा म्हणलो ना. तिच्याकडं जा." तो बसूनच, डोळे त्यांच्या खिशावर. थांबायचं शिकवलं होतं, जायचं कोणी शिकवलंच नव्हतं. मी मास्तरीण, मलाही ते सुचलं नव्हतं.

मग सर ओट्यावरून उतरले. मुलगा बघतोय, समोरचा किराणावाला बघतोय, आणि ते खुर्चीपुढं खाली फरशीवर बसले, त्या पांढऱ्या कपड्यांनिशी. त्यांनी काकूंच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मान वळवून कुत्र्याला म्हणाले, "असं. असं जायचं अस्तं." वर्गात सांगावं तसं. दुसऱ्यांदा नुसता काकूंचा गुडघा थोपटला.

बंड्या उठला. पोट जमिनीला घासत हळूहळू आला आणि त्यानं सरांच्या हाताशेजारी तोंड टेकवलं. काकूंनी एक हात त्याच्या डोक्यावर ठेवला. दुसऱ्या हातात वॉकर धरलेला होता, तो सोडून तो हात त्यांनी सरांच्या हातावर ठेवला.

बऱ्याच वेळानं काकू म्हणाल्या, "उठता येईल का तुम्हाला आता?"

"न्हाई," सर म्हणाले.

"मंग बसा."